गोपनीय अहवालात सलग ‘चांगला’ शेरा. पदोन्नतीला अडतो का?

सिडकोकर: नाशिकमधल्या राज्य शासनाच्या कार्यालयातील लिपिकांसाठी विचारतोय. ज्येष्ठतासूचीत नाव वर, विभागीय चौकशी नाही, पण अहवालात दरवर्षी ‘चांगला’. शेरा प्रतिकूल नाही म्हणून प्रतही मिळालेली नाही. खालच्या क्रमांकाचा कर्मचारी गुणवत्तेवर पुढे जाऊ शकतो का?

आस्थापना शाखा: आधी त्या पदाचे सेवाप्रवेश नियम काढा, उत्तर तिथेच आहे. पदोन्नती ‘ज्येष्ठता व गुणवत्ता’ या तत्त्वावर असेल, तर किमान गुणवत्ता गाठणाऱ्यांत ज्येष्ठच आधी. कनिष्ठाचे शेरे सरस असले तरी. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली बी. व्ही. शिवय्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. पद निवडीने भरायचं असेल तर मात्र तुलना होते आणि तिथे ‘चांगला’ नडतो.

प्रत मात्र मागाच. २००८ च्या देव दत्त प्रकरणात नेमका हाच पेच होता: शेरा ‘चांगला’, पदोन्नतीला लागायचा त्याहून वरचा. न्यायालय म्हणालं, प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे आणि त्यावरचं अभिवेदन, म्हणजे शेरा बदलून मागणारा लेखी अर्ज, शेरा देणाऱ्याहून वरिष्ठाने ठरवावं. शेरा सुधारला, तर पदोन्नतीचा मागील तारखेपासून विचार व्हावा. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सुखदेव सिंग प्रकरणात हे कायम केलं.

गोदाकाठ: अभिवेदनात ‘अन्याय झाला’ एवढंच लिहिलं की ते फेटाळलं जातं, कारण तपासायला काहीच नसतं. आकडे द्या. दर आठवड्याच्या कार्यविवरणाच्या (टेबलावर आलेल्या व निकाली काढलेल्या प्रकरणांच्या नोंदवहीच्या) गोषवाऱ्यावरून १ एप्रिल ते ३१ मार्चचा हिशेब काढा: मागील शिल्लक, नवीन आवक, निकाली, अखेरची शिल्लक. २००५ च्या बदल्या व विलंब प्रतिबंध अधिनियमानुसार कोणतीही फाइल एका टेबलावर साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. त्या मुदतीत किती प्रकरणं पुढे गेली, हे दाखवता आलं तर गुणवत्ता कागदावर दिसते. हेच आकडे पुढच्या वर्षीपासून स्वयंमूल्यनिर्धारणातही, म्हणजे अहवालात आपल्या कामाबद्दल आपणच लिहायच्या भागातही, घाला. तो रकाना ‘नेमून दिलेली कामे केली’ असा भरला, तर प्रतिवेदन अधिकारीही, म्हणजे अहवाल लिहिणारे साहेबही, सरधोपट शेराच देणार. आणि साहेबांची बदली झाली की घाईने दहा अहवाल एकाच शब्दांत लिहिले जातात. नुकसान खऱ्या काम करणाऱ्याचंच होतं.

पंचवटी२: अभिवेदनाची पोच, आवक क्रमांकासह, जपून ठेवा. सहा महिन्यांत उत्तर आलं नाही, तर त्यापुढच्या एका वर्षात महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटमध्ये, जाता येतं. नकाराचं पत्र आलं असेल तर वर्ष त्या पत्रापासून मोजतात. पुन्हापुन्हा स्मरणपत्रं पाठवून मुदत वाढत नाही; बरीच प्रकरणं इथेच बुडतात.

जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांनी मात्र मॅटचा विचार करू नये, ते त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची शिस्तविषयक अपिलं जिल्हा सेवा नियमांप्रमाणे चालतात आणि पुढची वाट उच्च न्यायालयाची.