वर्डप्रेसवर ६८ लिंगांचा नकाशा: सगळ्या खुणा समुद्रात पडतायत

कसबा_वेब
सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या ६८ लिंगांची माहिती देणारी साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायची तयार प्रणाली) आहे. गड्डा यात्रेआधी तिच्यात इंटरॅक्टिव्ह मॅप टाकायचाय. ६८ खुणा, खुणेवर टॅप केलं की नाव आणि फोटो, शिवाय तैलाभिषेकाच्या दिवशी नंदीध्वज (मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या) ज्या वाटेने फिरतात ती वाट रेघेने. गूगल मॅपचं प्लगइन (साइटला जोडायचा जादा भाग) लावलं तर नकाशा काळपट आणि वर ‘फक्त डेव्हलपमेंटसाठी’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं. म्हणून ‘लीफलेट मॅप’ हे फुकट प्लगइन घेतलं; त्यात ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) नकाशा येतो. आता अडचणी अशा: एक्सेलवरून बनवलेल्या जिओजेसन (नकाशावरच्या जागांचे आकडे ठेवणाऱ्या) फाइलमधल्या खुणा थेट नॉर्वेच्या वर समुद्रात, नावांच्या जागी प्रश्नचिन्हं, आणि टॅबमध्ये ठेवलेला नकाशा अर्धा करडा. बजेट शून्य आहे.

अक्षांश_रेखांश
काळपट नकाशा म्हणजे एपीआय की (गूगलकडून घ्यायचा सांकेतिक क्रमांक) नाही, किंवा कीला बिलिंग खातं जोडलेलं नाही. ते खातं उघडायला कार्ड द्यावं लागतं. बजेट शून्य असेल तर लीफलेटच बरं.

समुद्राचं कारण सोपं आहे. जिओजेसनमध्ये आधी रेखांश लिहितात, मग अक्षांश. आपल्या तोंडी आणि प्लगइनच्या शॉर्टकोडमध्ये (नकाशा आणायला पानात लिहायची ओळ) नेमकं उलटं. सिद्धेश्वर मंदिराचा परिसर साधारण १७.६७ उत्तर, ७५.९० पूर्व. हे आकडे उलटले की ७५.९० उत्तर, १७.६७ पूर्व होतं, म्हणजे स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेचा समुद्र. सगळ्याच खुणा तिथे एकत्र पडल्या असतील तर आकडे बरोबर आहेत, फक्त कॉलम उलटे लागलेत. अदलाबदल करून फाइल पुन्हा बनवा.

एखाददुसरी खूणच भरकटली असेल तर अंश-मिनिट-सेकंद बघा. १७ अंश ४० मिनिटं १२ सेकंद म्हणजे १७.६७. (४० भागिले ६०, अधिक १२ भागिले ३६००.) घाईत १७.४०१२ लिहिलं जातं आणि खूण तीस किलोमीटर दक्षिणेला, पार भीमेच्या बाजूला जाते. दशांश चिन्हापुढे पाच आकडे ठेवा, मीटरभराचा नेमकेपणा मिळतो. एक्सेलने कापून तीनच ठेवले तर शंभरेक मीटरपर्यंत फरक पडतो, आणि कसब्यात तेवढ्यात दुसरीच गल्ली लागते.

प्रश्नचिन्हं: सेव्ह करताना नुसतं ‘सीएसव्ही’ निवडलंय. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. प्रश्नचिन्हं झालेल्या फाइलमधून अक्षरं परत येत नाहीत, मूळ एक्सेलमधूनच पुन्हा काढा. नावं श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असतील तर प्रश्नचिन्हं नाही, इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. मग आधी युनिकोड कन्व्हर्टर, आणि जोडाक्षरं स्वतः वाचून तपासा. कन्व्हर्टर तिथेच हमखास चुकतात.

टाइलवाला
करड्या नकाशाचं बोलतो. पान उघडतं तेव्हा तो टॅब बंद असतो, म्हणून लीफलेटला डब्याची रुंदी शून्य मिळते आणि तो तेवढ्याच टाइल (नकाशाचे चौकोनी तुकडे) मागवतो. खात्री करायची तर फोन आडवा धरा. आडवा केल्यावर नकाशा भरला तर कारण हेच. टॅब उघडताच लीफलेटची ‘इनव्हॅलिडेट-साइझ’ (डबा पुन्हा मोजायला लावणारी) आज्ञा चालवली की काम होतं, पण कोडमध्ये हात घालायचा नसेल तर नकाशा टॅबबाहेर काढा. खरं तर एवढा मुख्य नकाशा टॅबमध्ये लपवायचा कशाला?

तरीही करडाच राहिला तर कॅश प्लगइनमध्ये (पान लवकर उघडावं म्हणून लावलेलं) जावास्क्रिप्ट उशिरा लोड करायचा पर्याय चालू आहे का बघा आणि लीफलेटच्या फाइल त्यातून वगळा. टाइलच्या जागी ‘ॲक्सेस ब्लॉक्ड’ अशी पाटी आली तर सिक्युरिटी प्लगइनने रेफरर बंद केलाय. कोणत्या साइटवरून मागणी आली हे ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरला कळावं लागतं. रेफरर पॉलिसी ‘स्ट्रिक्ट-ओरिजिन-व्हेन-क्रॉस-ओरिजिन’ ठेवा.

जुळे_सोलापूर
६८ खुणांसाठी एवढी खटपट? गूगल माय मॅप्समध्ये एक्सेल चढवा, दहा लेअर मिळतात, एका लेअरमध्ये दोन हजार खुणा बसतात, की लागत नाही. एम्बेड कोड पानात चिकटवला की झालं.

अक्षांश_रेखांश
@जुळे_सोलापूर तेही चालतं, आणि वेळ नसेल तर मीही तेच सांगेन. फक्त पॉपअपची (खुणेवर टॅप केल्यावर उघडणारी चौकट) मांडणी आपल्या हातात राहत नाही.

कसबा_वेब
खुणा जागेवर आल्या, नावंही दिसतायत. लीफलेटवरच राहतो. आता मिरवणुकीची वाट. फोनवर रेकॉर्ड केलेल्या जीपीएक्समध्ये (चाललेल्या वाटेची नोंद असलेली फाइल) चौदा हजार बिंदू आहेत, पान अडकतं. शिवाय मोबाइलवर पान खाली सरकवायला जावं तर नकाशाच सरकतो.

टाइलवाला
दर सेकंदाला एक बिंदू धरला तर चार तासांत चौदा हजार होतात. मिरवणूक थांबली की रेकॉर्डर तिथेच घिरट्या घालतो, तो गुंता आधी हाताने काढा. मग जीपीएक्सची जिओजेसन करून ती मॅपशेपर या फुकट साइटवर टाका आणि ‘सिम्प्लिफाय’ (बिंदू कमी) करा. पाच टक्के बिंदू ठेवले तरी सातशे राहतात. वळणं गल्लीच्या मधून चाललीत ना, एवढं झूम करून बघा. फाइल मीडिया लायब्ररीत चढणार नाही, वर्डप्रेस जिओजेसन नाकारतं. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून अपलोड्स फोल्डरमध्ये टाका आणि लिंक एचटीटीपीएसचीच द्या, नाहीतर ब्राउझर अडवतो.

बोटाचं: ‘एक्सटेन्शन्स फॉर लीफलेट मॅप’ हे जोड-प्लगइन टाका. त्यातलं जेश्चर हँडलिंग चालू केलं की नकाशा दोन बोटांनीच हलतो. जवळजवळच्या खुणांचा गठ्ठा करणारं क्लस्टरही त्यातच आहे.

अक्षांश_रेखांश
मालक, लाइव्ह करण्याआधी किमान झूम ११ ठेवा आणि नकाशाची हद्द सोलापूरपुरती बांधा. ओपनस्ट्रीटमॅपवर काश्मीरची सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणे दिसत नाही, आणि तसा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. लोकांना तेवढं मागे जाताच येऊ नये. कोपऱ्यातली ओपनस्ट्रीटमॅपची श्रेयओळ मात्र डिझाइनला आड येते म्हणून लपवू नका, ती परवान्याची अट आहे.

कसबा_वेब
झूम ११ केलं. पॉपअपमध्ये ‘इथे कसं जायचं’ असं बटण देता येईल का, की त्यालाही की लागते?

टाइलवाला
की लागत नाही. गूगल मॅपची दिशा दाखवणारी साधी लिंक द्या, शेवटी त्या लिंगाचे आकडे जोडा. इथे आधी अक्षांश, मग रेखांश.