मळहातावरच्या शिरा अचानक एवढ्या का दिसायला लागल्या?

पोळीवाली:
वय ४७. घरून पोळ्या करून देते, रोजच्या दीडशेच्या आसपास. साखर काठावर आली म्हणून वर्षभरात आठ किलो वजन उतरवलं. आता दोन्ही मळहातांवर शिरांचं जाळं दिसतं. सकाळी उठल्यावर एवढं नसतं, पोळ्या आटोपल्या की नुसते दोरखंड! दुखत काही नाही. सासूबाई म्हणतात, "रक्त आटलंय, बीट खा." परवा हळदीकुंकवाला एकीनं हात धरून विचारलं, "बरी आहेस ना गं?" तेव्हापासून डोक्यात किडा.

सुईकाका:
ताई, मी डॉक्टर नाही, पण बावीस वर्षं लॅबमध्ये रक्त काढतोय. तुमच्यासारखा हात समोर आला की आम्ही खूश. गुबगुबीत हातावर शीर चाचपण्यातच सकाळ जाते.

मळहातावर कातडीखाली चरबी मुळातच कमी. वजनाबरोबर तीही गेली, आणि वयानं कातडी पातळ होतेच. शिरा होत्या तिथंच आहेत, पांघरूण गेलं. त्यात समोर तवा. उष्णता बाहेर टाकायला शरीर रक्त कातडीकडे वळवतं, शिरा रुंदावतात. लाटण्याचे कष्ट वेगळेच. थंडीत उलटं होतं, डिसेंबरात घरी जाऊन रक्त काढायचं तर आधी पेशंटचा हात शेकायला लावतो.

रक्त कमी आहे का ते शिरा बघून कळत नाही, हिमोग्लोबिन तपासा. (आणि शिरा निळ्या दिसल्या तरी रक्त निळं नसतं हो. नळीत येतं ते गडद लालच.)

एक गंमत करा. हात खाली सोडून कोपराखालची एखादी सरळ शीर एका बोटानं दाबा, दुसऱ्या बोटानं तिथून कोपराकडे पुसत न्या. मधला भाग रिकामाच राहतो, कारण वरचं रक्त शिरेतल्या झडपा खाली येऊ देत नाहीत. खालचं बोट उचललं की झर्रकन भरतो. रक्ताभिसरण समजावून सांगणारे इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वे यांनी १६२८ च्या पुस्तकात हेच चित्र काढून दाखवलंय.

निमा_सातारा:
काका म्हणतात ते बरोबर, पण एकाच हाताच्या शिरा फुगल्या, हात सुजला, तर थांबू नका. बाबांना सलाइन लावल्यावर मनगटाच्या वरची शीर लाल, गरम, दोरीसारखी कडक झाली होती. हात लावू देत नव्हते. शिरेला सूज होती. ते डॉक्टरांनाच दाखवायचं.

पोळीवाली:
प्रयोग केला, लेकीनं दोनदा करायला लावला. हात डोक्यावर धरला तर मळहात एकदम सपाट! हिमोग्लोबिन उद्या करते. सासूबाईंचे हातही नीट बघितले, त्यांच्या शिरा माझ्यापेक्षा ठळक. बोलले काही नाही. बीट आणलंय, कोशिंबीर दोघींसाठी.