विषय: सागाच्या तुळईचा बास विकायचा आहे (बास नागपूरला आहे)

नमस्कार मंडळी,

माझा हातानं बनवलेला इलेक्ट्रिक बास गिटार विकून राहिलो. बास इथे नाही, धरमपेठेत ताईकडे आहे, आणि शक्यतो नागपुरातच राहावा असं वाटते, म्हणून तुमचे भाचे-पुतणे तिकडे वाजवत असतील तर त्यांना सांगा.

आमचा महाल भागातला वाडा पाडला तेव्हा माजघराच्या सागाच्या तुळया बाबांनी विकू दिल्या नाहीत, त्यातल्या एकीतून याची बॉडी निघाली. साग तेलकट असते, नुसता गोंद लावला तर जोड सुटतो, म्हणून बनवणाऱ्यानं चिकटवायच्या अगदी आधी अ‍ॅसिटोननं पुसून दोन तुकडे जोडले आणि आजवर केसाएवढी फट पडली नाही. जुन्या खिळ्यांची दोन भोकं मागे आहेत, ती मीच बुजवू दिली नाहीत. नेक (मान) मेपलचा, फ्रेटबोर्ड (धातूचे फ्रेट बसवलेली बोटांची पट्टी) शिसवीचा, ४ तारा, ३४ इंची स्केल (तारेची वाजती लांबी), तारेचा कंप पकडणारे दोन सिंगल कॉइल पिकअप, पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीची भानगड नाही. एकच पिकअप उघडा ठेवला तर थोडा हम (गुणगुण आवाज) येतो, दोन्ही सारखे ठेवले की जातो, कारण एकाचं वाइंडिंग आणि चुंबक दुसऱ्याच्या उलट आहेत.

विकायचं कारण, मनगटाच्या ऑपरेशननंतर डावा हात तेवढा ताणल्या जात नाही. आता ३० इंची वाजवतो, पहिल्या फ्रेटपाशीच जवळपास पावणेसहा मिलिमीटर कमी ताणावं लागते, आणि तेवढ्यानं फार फरक पडतो.

किंमत ४८ हजार, हार्डकेससकट. भिंतीवर टांगायला पाहिजे असेल तर कृपया विचारू नका.

— महालवाला

---

रि: सागाच्या तुळईचा बास

दादा, माझा भाचा प्रतापनगरला राहतो, कॉलेजच्या बँडमध्ये बास वाजवते पोट्टा, सध्या मित्राचा मागून आणते. त्याला फोटो पाठवले तर रात्रभर झोपला नाही म्हणे. पण दोन गोष्टी विचारायच्या होत्या, एक तर वजन किती, आणि दुसरं म्हणजे आपल्या नागपूरच्या मे महिन्यात लाकडाचं काय होते? माझ्या तंबोऱ्याचा भोपळा एका उन्हाळ्यात तडकला होता, तेव्हापासून मला धाकच आहे.

— प्रतापनगरची मावशी

---

रि: रि: सागाच्या तुळईचा बास

भाऊ, नागपुरात कोणी नाही घेतला तर मला पाहिजे, जानेवारीत घरी जाऊन राहिलो. पण शिसवीवर निर्बंध आहेत ना, विमानतळावर अडवतील का?

— सीताबर्डी

---

रि: रि: रि: सागाच्या तुळईचा बास

ताई, वजन ४.८ किलो, जड आहे, रुंद पट्टा लागेलच. उन्हाळ्याचं तुम्ही बरोबर विचारलं. खरा त्रास कूलरचा. बाहेर ४५ च्या वर तापलेलं, हवा कोरडी ठक्क, आणि कूलरच्या खोलीत पाण्याचा ओलावा, बास या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिला की नेक एकदा इकडे ओढते, एकदा तिकडे. मे महिन्यात फ्रेटबोर्ड आकसून फ्रेटची टोकं बोटाला लागतात, हे मी लपवत नाही. वाजवून झालं की केसमध्ये, आणि केस आतल्या खोलीत, एवढं पाळलं तर पुरते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणि पाऊस लागला की असा वर्षातून दोनदा ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) पाहायचा, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचा नाही. चार तारांचा मिळून ७०-७५ किलोचा ताण त्या नेकवर दिवसरात्र असते, तेव्हा घाई नको.

बर्डीवाले भाऊ, २०१७ पासून शिसवी साइटिसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली, पूर्ण बनलेल्या बासला त्या यादीतला परवाना लागत नाही. तरी बनवणाऱ्याची पावती मी जपून ठेवली आहे, त्यावर लाकडांची नावं आहेत. पण पहिला मान भाच्याचा, तो नाही म्हणाला तर तुमचा.

ताई, त्याला रविवारी सकाळी १० नंतर पाठवा, धरमपेठेतल्या माझ्या ताईला सांगून ठेवतो. अँप (अ‍ॅम्प्लिफायर) तिच्याकडे नाही, मित्राचा मागून आणू द्या. नव्या तारा लावून ठेवायला सांगितल्या आहेत. तासभर वाजवू द्या, ई तार मोकळी वाजवून बॉडीवर हात ठेवून पाहायला सांगा. कॉलेजचा पोट्टा आहे, त्याला ४० हजाराला देतो, तेही तीन महिन्यांत दिले तरी चालते.

— महालवाला

---

रि: रि: रि: रि: सागाच्या तुळईचा बास

दादा, तो शनिवारीच येतो म्हणून राहिला. चालेल का?