घरांची दुरवस्था एका आकड्यात मोजून निधी वाटावा का?

उंबरठा (धागाकर्ता)

छोट्या छोट्या विभागांतील घरांची अवस्था मोजायची, तिचा एक संयुक्त निर्देशांक, म्हणजे अनेक निकष मिळून बनलेला एकच आकडा, काढायचा, विभागांना क्रमांक द्यायचे आणि त्या क्रमाने निधी वाटायचा, ही पद्धत अनेक देशांत रुळली आहे. मोजणीला माझा विरोध नाही. त्या एका आकड्यावर वाटप करण्याला आहे.

इंग्लंडचे उदाहरण घ्या. तेथे सरासरी सुमारे १५०० लोकसंख्येचे विभाग पाडलेले आहेत आणि २०१९ च्या वंचितता निर्देशांकात अशा ३२,८४४ विभागांची क्रमवारी लावली होती. त्यात उत्पन्न आणि रोजगार या दोन घटकांना मिळून ४५ टक्के वजन होते, तर घर व सेवा मिळण्यातील अडथळ्यांना ९.३ टक्के आणि राहणीच्या परिसराला तेवढेच. ज्या विभागात लोकांच्या हाताला काम आहे, पण भिंती ओलीने पोखरल्या आहेत, तो विभाग एकूण यादीत सुस्थितीतला ठरू शकतो.

याहून मोठी अडचण बेरजेतच आहे. समजा, दोन विभागांत प्रत्येकी १००० कुटुंबे आहेत. दोन्हीकडे १०० घरांचे छप्पर गळते, १०० घरांत दाटीवाटी आहे आणि १०० घरांना शौचालय नाही. निर्देशांकाच्या लेखी दोन्ही विभाग सारखे. पण पहिल्या विभागात ही तिन्ही दुःखे त्याच १०० कुटुंबांच्या वाट्याला आलेली असतील आणि दुसऱ्यात ती ३०० वेगवेगळ्या कुटुंबांत विभागलेली असतील, तर त्या दोन वस्त्यांना एकच औषध कसे लागू पडेल? विभागवार टक्केवारी हाती असताना हा फरक कळण्याचा मार्गच उरत नाही.

शाईपेन

धागाकर्त्यांचा मुद्दा गणिताने बरोबर आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. एकच आकडा नसेल तेव्हा वाटप कसे होते, याचा विचार त्यांनी केलेला नाही. ज्याचा आवाज मोठा, ज्याची ओळख वरपर्यंत, त्याच्या विभागात निधी जातो. क्रमवारी सर्वांसमोर असली की निदान विचारता तरी येते की, यादीत पहिल्या दहात असलेला आमचा विभाग डावलला का गेला.

शिवाय इंग्लंडमध्ये त्या निर्देशांकातील सातही घटकांची क्रमवारी स्वतंत्रपणे प्रसिद्ध होते. ओलीच्या घरांसाठी योजना आखणाऱ्याने एकूण क्रमांक पाहिला, तर दोष त्याच्या वाचनाचा आहे. आणि दुःखे एकाच घरात साचतात का हेही मोजले जाते. युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट एखाद्या कुटुंबाला तीव्र गृहवंचित तेव्हाच म्हणते, जेव्हा घरात दाटी असते आणि त्याशिवाय गळके छप्पर, स्नानगृह व शौचालयाचा अभाव किंवा अपुरा उजेड यांपैकी किमान एक उणीव असते.

उंबरठा

युरोस्टॅटचे मोजमाप मलाही आवडते, पण ते नमुना पाहणीवर उभे आहे. देशाच्या पातळीवर ते टिकते. मात्र ५०० घरांच्या विभागातून नमुन्यात जेमतेम दहा घरे आली, तर एका घराच्या उत्तराने टक्केवारी दहाने हलते. म्हणून छोट्या विभागांसाठी प्रतिरूपे, म्हणजे गणिती मॉडेल, वापरून अंदाज बांधावे लागतात. इंग्लंडमधील नादुरुस्त घरांचा आकडासुद्धा असाच, घरांच्या पाहणीवरून प्रतिरूपाने काढलेला आहे. अशा अंदाजात घराचे वय आणि प्रकार यांसारख्या गोष्टींवरून त्याची अवस्था ठरते. जुने घर कोणी निगुतीने राखले असेल किंवा नवे घर पहिल्याच पावसात गळले असेल, तर ते या अंदाजाला दिसत नाही.

विभागावरून माणसाबद्दल बोलण्यातला धोकाही जुनाच आहे. १९५० मध्ये समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९३० च्या अमेरिकी जनगणनेवरून दाखवले की, परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत निरक्षरता कमी होती, पण व्यक्तीगणिक पाहता परदेशात जन्मलेल्यांमध्येच ती जास्त होती. ते लोक साक्षर राज्यांत जाऊन वसले होते, इतकेच. सुस्थितीतल्या विभागातील गळक्या घराचे नेमके असेच होते.

छपराखाली

तुम्ही दोघेही निर्देशांकाच्या वजनांवर वाद घालत आहात. मी त्याआधीच्या पायरीबद्दल बोलतो. मी काही वर्षे घरोघरी जाऊन पाहणीचे फॉर्म भरले आहेत. छप्पर गळते का, हा प्रश्न आम्ही भर उन्हाळ्यात विचारत होतो. घरमालक दारात उभा असला की भाडेकरू सगळे ठीक आहे असे सांगत, आणि एका खोलीत राहणाऱ्या तीन भावांच्या कुटुंबांची नोंद एकच कुटुंब म्हणून होई, कारण चूल एक होती. ज्यांच्या डोक्यावर छप्परच नाही, त्यांच्यासाठी त्या फॉर्मवर रकाना नव्हता.

म्हणून प्रश्न कसा विचारला जातो याला मी फार महत्त्व देतो. न्यूझीलंडच्या २०१८ च्या जनगणनेत घरातील बुरशीबद्दल विचारताना ए-४ कागदाच्या आकाराचे माप दिले होते. ‘बुरशी बरीच आहे का’ या प्रश्नाला दहा घरांत दहा अर्थ निघतात. कागदाएवढा डाग मात्र सर्वांना सारखाच दिसतो. त्याच वर्षाच्या तेथील वंचितता निर्देशांकात मोटार नसण्याचा निकष जाऊन ओलीचा निकष आला, हेही मला योग्य वाटते. ब्रिटनमध्ये वंचितता मोजणाऱ्या १९८० च्या दशकातील टाउनसेंड निर्देशांकात मोटार नसणे हे चार निकषांपैकी एक होते, पण बस जवळ नसलेल्या खेड्यात गरीब माणूसही कशीबशी मोटार राखतो, आणि तो वंचितांत मोजलाच जात नाही.

शाईपेन

तुमचा अनुभव मोलाचा आहे, आणि प्रश्न सुधारावेत याबद्दल दुमत नाही. तरीही प्रत्येक घर तपासल्याशिवाय खर्च करू नका, असे म्हणण्यात किती वर्षे जातील? सांडपाण्याची गटारे, पिण्याच्या पाण्याची वाहिनी, गल्लीतला उजेड ही कामे एकेका घरासाठी होत नाहीत, ती विभागासाठीच होतात. तेथे विभागाचा आकडाच योग्य आहे. उलट घरनिहाय लाभार्थी यादी करायला घेतली की वशिल्याला पुन्हा दार उघडते.

उंबरठा

गटार आणि पाण्याबद्दल तुमचे म्हणणे मी मान्य करतो. त्या कामांसाठी विभागाचा क्रमांक चालेल. छप्पर, भिंत आणि दाटी यांबद्दल नाही. तेथे क्रमांक फक्त इतकेच सांगो की, कोणत्या विभागात आधी दारोदार जायचे. यादीतील वशिल्याची भीती खरी आहे, पण त्यासाठी यादी विभागात जाहीर लावून हरकती मागवता येतात. निर्देशांकात न दिसणाऱ्या कुटुंबाला हरकत घ्यायलाही जागा नसते. आणि क्रमवारी छापायचीच असेल, तर प्रत्येक विभागापुढे टक्केवारीबरोबर कुटुंबांची संख्या आणि अंदाजातील संभाव्य चूक छापावी. दोनशेव्या आणि दोनशे चाळिसाव्या क्रमांकातला फरक त्या चुकीच्या आतच असेल, तर एकाला निधी देऊन दुसऱ्याला नाकारण्याचे कारण काय सांगणार?

शाईपेन

संभाव्य चूक छापण्याला माझी संमती आहे. पण रेषा कोठेतरी ओढावीच लागेल, आणि दोनशे चाळिसाव्यालाही निधी दिला तर दोनशे एक्केचाळिसावा हाच प्रश्न विचारेल. त्याचे उत्तर तुमच्याकडेही नाही.