'नाइटमेअर': लहान मुलांना इतकं सरळ हरवावं का?

मोरपंखी:
ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर 1987 ते 1994 चाललेला हा मुलांचा गेम शो. टिम चाइल्ड यांना तो सुचला झेडएक्स स्पेक्ट्रम या तेव्हाच्या घरगुती कॉम्प्युटरवरच्या 'अ‍ॅटिक अटॅक'सारख्या गेममुळे. चार मुलांचा संघ. एकाच्या डोक्यावर शिंगांचं शिरस्त्राण, त्यातून फक्त पायाजवळची जमीन दिसते. तो नॉरिचच्या स्टुडिओत रिकाम्या निळ्या खोलीत चालतोय. बाकी तिघं पडद्यासमोर. त्यांना त्याच्याभोवती रंगवलेलं भुयार दिसतं. "पुढे हो, डावीकडे एक पाऊल, थांब!" या शब्दांवर त्याचा जीव. 8 सीझनमध्ये जिंकले फक्त 8 संघ. पहिल्यात तर एकही नाही! मुलांना इतकं मोठं समजून वागवणारा शो मी दुसरा पाहिला नाही.

ठाणेकर_आई:
सपशेल असहमत. लेकीबरोबर यूट्यूबवर पाहिला. पडद्यासमोरच्या मुलाने डावं-उजवं उलटं सांगितलं, आत चालणारा खड्ड्यात. खेळ खल्लास! चूक मित्राची, पडला हा, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी एकाच शाळेत जायचं. शिवाय खेळणाऱ्याची ताकद दाखवायला पडद्यावर एक चेहरा येतो, ताकद कमी होते तसा तो सोलत जातो, शेवटी कवटी. लेक उशीमागे लपली. त्यापेक्षा निकलोडियनचं 1992 चं 'निक आर्केड' बरं. तिथे मुलं समोरच्या मॉनिटरवर स्वतःला बघत गेममध्ये उड्या मारतात. शेवटच्या फेरीला 60 सेकंद, वेळ संपली की संपलं.

लेस्टरकर:
ताई, आम्ही लेस्टरला हा शो बघतच मोठे झालो. भाग संपला की दादाच्या डोक्यावर आईचं मोठं पातेलं, आणि मी कोचावर उभा राहून "डावीकडे! अरे, तुझ्या डावीकडे!" समोरच्याच्या जागी उभं राहून बोलायचं असतं, हे मला तिथे कळलं. दादा दोनदा टीपॉयवर आपटला, पण पुढच्या वेळी पातेलं त्यानेच आणलं. बक्षीस तरी काय, सुरुवातीच्या सीझनमध्ये चांदीचे स्पर्स, म्हणजे घोडेस्वार बुटाच्या टाचेला लावतात ते काटे. पैशासाठी कोणी येत नव्हतं. कवटीबद्दल मात्र तुमचं खरं आहे, मी तेव्हा डोळे मिटायचो.

ठाणेकर_आई:
घरच्या पातेल्याला कॅमेरा नव्हता, लेस्टरकर! आणि सरळ हरवणं म्हणता, तर सीझनचे भाग संपले म्हणून शेवटच्या संघाचा खेळ अर्ध्यात गुंडाळायचे, त्याचं काय? ती मुलं हरलीही नाहीत, जिंकलीही नाहीत.

मोरपंखी:
त्याचं समर्थन मी करणार नाही, तो अन्यायच. आणखी एखादा भाग काढायला हवा होता. पण खड्ड्याचा नियम बदलू नये. तो गेला तर पडद्यासमोर बसलेल्या तिघांच्या शब्दाला वजन उरत नाही, मग ते तिथे बसलेत कशाला?