29:11 पाठ आहे, 29:10 कुणी वाचायचं?

उंबर: कालपासून एक पोस्ट फिरतेय: "देव वचन पाळतोच. यिर्मया 29:11 हक्कानं मागा, महिन्याभरात दार उघडेल." खाली आमेनची रांग. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं हे वचन: तुमच्याविषयीचे माझे बेत हिताचे आहेत, तुम्हाला आशा देणारे. अहो, ते पत्र आहे! इ.स.पू. 597 मध्ये यहूदाच्या यकन्या राजाबरोबर बाबेलला (बॅबिलोनला) बंदी करून नेलेल्या लोकांना यिर्मयानं धाडलेलं. त्यात आधी काय सांगितलंय? घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. मग 29:10: बाबेलची सत्तर वर्षं भरली की परत आणीन. म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक तिथेच मरणार. झटपट सुटकेचं आश्वासन देणारा तेव्हाही होता, हनन्या नावाचा संदेष्टा. "दोन वर्षांत सगळं परत" म्हणाला, बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घेतलेलं लाकडी जू मोडलं आणि त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला. पोस्टवाल्यांनी अध्याय 28 वाचावा.

दिवटी: पोस्ट माझी. हनन्याच्या पंगतीत बसवल्याबद्दल आभार. "महिन्याभरात" एवढं बोचत असेल तर खोडा. पण 11 वं वचन फक्त त्या पिढीचं असेल, तर अख्खं शास्त्र संग्रहालयात ठेवायचं का?

गणितमास्तर: आधी सत्तर तरी मोजा. पर्शियाचा राजा कोरेश यानं परतायची परवानगी दिली 538 मध्ये. 597 पासून 59 वर्षं. यरुशलेम पडल्यापासून, म्हणजे 586 पासून, 48. वचन पाळलं म्हणता, कोणत्या हिशेबानं?

उंबर: सत्तर वर्षं बंदिवासाची नाहीतच, बाबेलच्या सत्तेची आहेत. 25:11 मध्येही तेच आहे, राष्ट्रं बाबेलच्या राजाची चाकरी करतील. 609 मध्ये हारानला अश्शूर, म्हणजे बाबेलच्या आधीची महासत्ता, संपलं, 539 मध्ये बाबेल पडलं. करा वजाबाकी.

गणितमास्तर: वा, सोयीचा आरंभ! 609 मध्ये यहूदा मिसरच्या (इजिप्तच्या) टाचेखाली होता. यहूदाचा राजा योशीया मगिद्दोला मेला, त्याच्या मुलाला, यहोयाकीमला, गादीवर बसवलं मिसरच्या फारो नखोनं. बाबेलचा वचक बसला 605 मध्ये कर्कमीशच्या लढाईत त्यानं मिसरला हरवल्यानंतर. तिथून 539 पर्यंत 66 वर्षं. शिवाय संदेष्टा जखऱ्या 520 च्या सुमाराला सत्तर म्हणतो, तो मंदिराची मोजणी करतोय, पडलं तेव्हापासून पुन्हा उभं राहीपर्यंत, 586 ते 516. 2 इतिहास 36 तीच वर्षं जमिनीचे शब्बाथ, म्हणजे विसाव्याची वर्षं, म्हणून मोजतं. एका वचनाला किती घड्याळं?

उंबर: सत्तर हा त्या मुलखातला देवाच्या कोपाचा ठरीव आकडा होता. अश्शूरचा राजा एसर-हद्दोन याच्या शिलालेखांत बाबेलचा देव मार्दूक यानं बाबेलला सत्तर वर्षं ओस ठरवलंय, मग आकडा उलटा करून अकरावर आणलंय (त्यांच्या लिपीत सत्तरची चिन्हं उलटली की अकरा होतात). ज्यांना सावकारी वही हवी त्यांनी 66 घेऊन बसावं.

काठावर: पंचांग मिटवा आता. वचनं दोन जातींची असतात, अटीची आणि बिनशर्त, हे कुणी बोलतच नाही. यिर्मया 18 सरळ सांगतो, राष्ट्र वळलं तर देव बेत बदलतो. म्हणून योनानं चाळीस दिवसांत नाश सांगितलेलं निनवे शहर ते दिवस उलटूनही शाबूत. दुसरी जात उत्पत्ती 15 ची, देवानं अब्राहामाशी केलेल्या कराराची: कालवड, शेळी, मेंढा, प्रत्येक तीन वर्षांचा, मधोमध चिरलेला, पक्षी मात्र न चिरता. त्या तुकड्यांमधून चालायचं, मोडेल त्याची गत तीच. गुलामांना सोडून परत धरणाऱ्यांना यिर्मया 34 मध्ये हीच शिक्षा सुनावलीय. इथे अब्राहाम गाढ झोपलेला, मधून गेली ती धुमसती शेगडी आणि जळती मशाल. म्हणजे सगळा भार एकट्या देवावर. आता दिवटी, 29:13 बघा: मनापासून शोधाल तर सापडेन. यात "हक्कानं मागा" कुठून आलं?

दिवटी: 10 व्या वचनात अट नाही. परत आणणं आधी, शोधणं नंतर.

काठावर: हं. तेवढं खरं. पोस्टमध्ये 10 वं वचन असतं तर वादच नव्हता.

गणितमास्तर: बिनशर्त म्हणताय, तर मग स्तोत्र 89 घ्या. दावीद राजाचे वंशज चुकले तरी करार मोडणार नाही, असं 34 पर्यंत. 39 मध्ये तोंडावर आरोप, तू करार झिडकारलास. 586 नंतर गादी रिकामी.

दिवटी: लूक 1:32. गादी येशूला दिली.

गणितमास्तर: पावणेसहाशे वर्षांनी. तुमचा महिना बराच लांबला.

उंबर: तोच तर माझा मुद्दा होता! अब्राहामला वचन मिळालं तेव्हा तो 75 चा, इसहाक झाला तेव्हा 100 चा, आणि त्या 25 वर्षांत दासी हागारेकडून मूल करून घेण्याचा घोळ घातलाच. देव वचन पाळतो, पण वेळ आपण ठरवली की माती होते.

गणितमास्तर: 605 चं उत्तर अजून आलेलं नाही.