मदत हवी आहे: टूरच्या आधी इस्तंबूलमध्ये तीन दिवस

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघी कॉलेजच्या मैत्रिणी, बावीस वर्षांनी एकत्र फिरायला निघालोय. तुर्कस्तानची गाइडेड टूर बुधवारी इस्तंबूलहून सुरू होते. टूरमध्ये गप्पांना वेळ मिळत नाही, म्हणून रविवारी सकाळीच पोचतोय.

आया सोफिया आणि निळी मशीद टूरमध्ये आहेत, ती आत्ता नकोत. तोपकापी राजवाडा मात्र नाही. तो मंगळवारी बंद आणि ग्रँड बझार रविवारी बंद, म्हणजे दोन्ही उघडे असा दिवस एकच, सोमवार! एका दिवसात जमेल का? की बझारवर पाणी सोडावं? (हे वाक्य एकीला दाखवलं तर ती येणारच नाही.)

राहायचं कुठे यावर ग्रुपवर महाभारत चालू आहे. टूरचं हॉटेल तकसीमला आहे. मला सुलतानअहमत बरं वाटतं, ट्राम हाताशी. दोघींना गलाता हवंय, पण तिथले चढ आणि एकीचे गुडघे यांचं जमेल असं वाटत नाही. तुनेलची फ्युनिक्युलर (चढावर नेणारी छोटी रेल्वे) कितपत कामी येते?

मंगळवारी एमिनोन्यूहून फेरीने आशियाच्या बाजूच्या कादिक्योयला जाऊन नुसतं भटकायचं ठरवलंय. अर्धा दिवस पुरेल ना?

आणखी एक. तिघी युरोपच्या बाजूच्या नव्या विमानतळावर उतरतोय, चौथी आशियातल्या सबिहा गोकचेनला. तिने एकटीने टॅक्सी करावी की बस? मंगळवारी रात्री सामान घेऊन हॉटेल बदलण्यापेक्षा टूरच्याच हॉटेलात आधीच्या रात्री वाढवून घेतलेल्या कुणी आहेत का?